सडक आणि आडवाट

मनालीहून लेहला जाणाऱ्या सडकेवर प्रवाशाला एकाच दिवसात दोन निराळ्या भूमी भेटतात. मोरे नावाच्या उंच पठारावर सडक जवळजवळ चाळीस किलोमीटर सपाटीवरून धावते. तेथे वाहनाला वेग घेण्यास काही आडकाठी नसते. परंतु त्याच मार्गावर कोठे दरड कोसळून सडक पुसली गेलेली असते आणि तिच्या जागी नुसते सुटे दगड पसरलेले असतात. कोठे वितळलेल्या बर्फाचा ओढा सडकेवरूनच वाहत असतो. हे ओढे मोठे लहरी. पहाटे त्यांत घोटाभर पाणी असते. दुपारी ऊन चढून वरचे बर्फ विरघळू लागले, की तेच पाणी फुगते. म्हणून जाणते प्रवासी पहाटेच निघून ओढे मागे टाकतात.

अशा प्रवासाला कोणती मोटारसायकल न्यावी? सडकेवरच्या लांब प्रवासासाठी बनविलेली मोटारसायकल वजनदार असते. तिची बैठक सखल आणि ऐसपैस, पोट जमिनीच्या जवळ, चाके रुंद. त्यामुळे वेगातही ती डळमळत नाही आणि चालकाला शीण येत नाही. रानातल्या शर्यतींसाठी बनविलेली मोटारसायकल याच्या अगदी उलट. ती उंच व सडपातळ. वजन शंभर-सव्वाशे किलोग्रॅम, टाकी इवलीशी, बैठक फळीसारखी अरुंद. खाचखळगे ती लीलया ओलांडते, पण तिच्यावर बसून दिवसाला तीनशे किलोमीटर जावयाचे म्हणजे शिक्षाच! एकीचा जो गुण, तोच दुसरीचा दोष. तेव्हा दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घ्यावयाची, तर त्याच्या प्रत्येक अवयवाबाबत काही मिळवावे आणि काही सोडावे लागते.

ही देवघेव प्रथम ठळकपणे साधली ती जर्मनीतील बी. एम. डब्ल्यू. या कारखान्याने. १९८० साली त्याने आर ८० जी/एस नावाची मोटारसायकल काढली. जी आणि एस ही अक्षरे म्हणजे ‘ओबडधोबड भूमी’ आणि ‘सडक’ या अर्थांच्या दोन जर्मन शब्दांची आद्याक्षरे होत. लगेच पुढच्या वर्षी पॅरिसहून सहारा ओलांडून डाकारला जाणारी शर्यत यूबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने याच जातीच्या मोटारसायकलीवर जिंकली, आणि असे दुहेरी यंत्र केवळ कल्पनेतले नाही हे जगाला पटले.

आपल्या देशात चेन्नईच्या रॉयल एनफिल्ड या कारखान्याने २०१६ मध्ये ‘हिमालयन’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. सात वर्षांनी, २०२३ च्या अखेरीस, तिला नवे रूप मिळाले. नाव तेच राहिले, पण सांगाड्यापासून इंजिनापर्यंत बहुतेक सारे नव्याने घडविले गेले. हा बदल नीट पाहिला, म्हणजे यंत्र बनविणाऱ्यांपुढे कोणते पेच असतात ते कळते.

आधी जे बदलले नाही ते पाहू. दोन्ही रूपांत पुढचे चाक एकवीस इंचांचे आणि मागचे सतरा इंचांचे आहे. पुढचे चाक एवढे मोठे कशाला? बैलगाडीचे चाक आणि हातगाडीचे चाक आठवा. रस्त्यातल्या ज्या खळग्यात हातगाडीचे चाक रुतून बसते, त्यावरून बैलगाडीचे चाक नुसता एक हेलकावा देऊन निघून जाते. मोठे चाक दगडाला वरच्या बाजूने भिडते व त्यावर चढते. लहान चाक त्याच दगडावर समोरून आदळते. पण या मोठ्या चाकाची किंमत सडकेवर मोजावी लागते. वळणावर ते लहान चाकाइतके चटकन वळत नाही. दोन्ही चाकांना तारेच्या आऱ्या आहेत त्याही याच कारणाने. ओतीव चाक मोठ्या धक्क्याने तडकू शकते. तारेची आरी थोडी लवते, वाकते, पण सहसा दगा देत नाही.

पुढचे चाक धक्का बसताच २०० मिलिमीटर वर उचलले जाऊ शकते. हेही जुनेच माप. मागचे चाक पूर्वी १८० मिलिमीटर उचलले जाई, आता तेही २०० झाले. इंजिनाचे पोट आणि जमीन यांतील अंतर २२० वरून २३० मिलिमीटर झाले. एका बोटाच्या रुंदीएवढा हा फरक. पण ओढ्यातला दगड पोटाला लागणे आणि न लागणे एवढ्यावरच ठरते. मात्र यंत्र उंच झाले की बैठकही उंच होते. ती ८०० मिलिमीटर होती, ती आता निदान ८२५ मिलिमीटर झाली आहे. ज्याचे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, अशा ठेंगण्या चालकाला दगडांत थांबताना या एका इंचाचा जाच होतो.

आता इंजिनाकडे वळू, कारण खरा पालट तेथेच झाला आहे. इंजिन पेट्रोल जाळते, पण पेट्रोल जळावयास हवा लागते. टांगलांग खिंडीसारख्या सुमारे ५,३०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. तेथे आपल्याला धाप लागते, तशी इंजिनालाही लागते. जुन्या हिमालयनची शक्ती चोवीस अश्वशक्तींच्या आसपास होती. ढोबळ हिशेब केला, तर खिंडीत तिच्यातील चौदा अश्वशक्ती उरत. आणि तेवढ्यावर चालक, त्याचे सामान व मोटारसायकलीचे दोनशे किलोग्रॅम ओझे चढावर ओढावे लागे. नव्या इंजिनाची शक्ती चाळीस अश्वशक्ती आहे. खिंडीत तिचीही बावीस-तेवीसवर येते. म्हणजे जुने इंजिन समुद्रकाठी जेवढे काम करी, जवळजवळ तेवढेच नवे इंजिन खिंडीच्या माथ्यावर करते!

ही वाढ कशी साधली? जुन्या सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर होता आणि दट्ट्याची धाव ८६ मिलिमीटर. नव्याचा व्यास ८४ आणि धाव ८१.५. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत तुम्हांला ठाऊक आहे. त्या क्षेत्रफळाला दट्ट्याच्या धावेने गुणून पाहा. जुन्याचे आकारमान सुमारे ४११ घन सेंटिमीटर येईल आणि नव्याचे ४५२. आकारमान दहावा हिस्सा वाढले, मग शक्ती दीडपटीहून अधिक कशी झाली? उत्तर आकारात आहे. दट्ट्याची धाव आखूड असली की तो मिनिटाला अधिक फेऱ्या मारू शकतो, आणि सिलिंडर रुंद असला की त्याच्या माथ्यावर हवा घेणाऱ्या व धूर सोडणाऱ्या झडपांना जागा मिळते. जुन्यात दोन झडपा होत्या, नव्यात चार आहेत. जुने इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांना आपली पुरी शक्ती देई, नवे ८,००० फेऱ्यांना देते.

परंतु शक्ती म्हणजे सर्वस्व नव्हे. चाक फिरविणारा पिळाचा जोरही पाहावा लागतो. जात्याचा खुंटा मध्याशी न बसवता कडेला बसवतात, तो हाच जोर वाढावा म्हणून. जुन्या इंजिनाचा हा जोर ३२ न्यूटन-मीटर होता व तो चार-साडेचार हजार फेऱ्यांनाच मिळे. नव्याचा ४० आहे, पण तो पुरता मिळण्यास साडेपाच हजार फेऱ्या व्हाव्या लागतात. दगडांतून पावलापावलाने जाताना इंजिन मंद फिरत असते. तेथे जुन्या यंत्राची संथ, बैलासारखी चाल अनेकांना आवडे, आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही.

शक्तीबरोबर उष्णताही वाढते. जुन्या इंजिनाला वाऱ्याने व तेलाने थंडावा मिळे. वाहन वेगात असले तर वारा भरपूर. पण उभ्या चढणीवर इंजिन सर्वांत जास्त राबते आणि वाहन मात्र मुंगीच्या पावलाने चालते. वाऱ्याची गरज असते नेमकी तेव्हाच तो मिळत नाही. म्हणून नव्या इंजिनाभोवती द्रव खेळवला आहे. तो तापला की समोरच्या रेडिएटरात जाऊन पंख्याच्या वाऱ्याने निवतो. दगड लागून हा रेडिएटर फुटला तर प्रवास तेथेच संपेल, म्हणून त्यापुढे जाळी बसवावी लागली. एक सोय केली की तिच्या रक्षणाची दुसरी सोय करावी लागते, ती अशी.

इंधनाचीही अशीच गोष्ट. २०१६ च्या हिमालयनमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. हवा विरळ झाली हे कार्बोरेटरला कळत नाही; तो पहिल्याइतकेच पेट्रोल सोडतो, ते नीट जळत नाही आणि इंजिन काळा धूर ओकू लागते. पुढच्या वर्षीपासून पेट्रोल तोलून फवारणारी विद्युत्-योजना आली. ती हवेचा दाब ओळखून पेट्रोल बेताने सोडते. नव्या रूपात तर मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी तारेची दोरीही गेली. मूठ किती पिळली याची वर्दी विजेने पोचते. हे सारे उत्तम. पण कार्बोरेटर उघडून साफ करावयास एक पेचकस आणि थोडी अक्कल पुरे होती, आणि रस्त्याकडेच्या कोणत्याही कारागिराला ते काम येई. नवी योजना क्वचितच बिघडते. बिघडलीच, तर पेचकसाने ती दुरुस्त होत नाही. निर्जन पठारावर रात्र पडत असताना यांतले कोणते यंत्र जवळ असावे, यावर अनुभवी स्वारांत आजही वाद होतात.

टाकी पंधरा लिटरांची होती, ती सतरा लिटरांची झाली. टांडी येथील पेट्रोल पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी पाटी अनेक वर्षे होती. लिटरला तीस किलोमीटर धरले तर दोन लिटरांनी साठ किलोमीटरांची भर पडते. एवढे करूनही वाहनाचे वजन १९६ किलोग्रॅम राहिले, जुन्याच्या शेवटच्या रूपापेक्षा तीन किलोग्रॅमांनी कमी.

राहता राहिला ब्रेक. सडकेवर चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ए. बी. एस. नावाची योजना असते. ती ब्रेक क्षणोक्षणी पकडते आणि सोडते. पण सुट्या खडीवर जाम झालेले चाक पुढ्यात खडीचा ढीग लोटते व त्या ढिगानेच थांबते. म्हणून हिमालयनमध्ये मागच्या चाकापुरती ही योजना बटनाने बंद करता येते. पुढच्या चाकाची मात्र चालूच राहते.

उरलेले काम चालकाचे. खडी लागली की तो बैठकीवरून उठून पायदांड्यांवर उभा राहतो. मग धक्के पाठीच्या कण्याला न बसता गुडघ्यांत जिरतात. त्याआधी तो टायरांतली थोडी हवा सोडतो, म्हणजे टायर पसरतो आणि दगडांवर पकड घेतो. पुढे पुन्हा डांबर लागले, की वाहन कडेला घेऊन सामानातला हातपंप काढतो आणि सोडलेली हवा मोजून परत भरतो.