अमेरिकेतील अध्यक्षीय उमेदवारी आणि घटकराज्यांचे राजकारण : प्राथमिक निवडणुकांच्या वेळापत्रकाचा अभ्यास

प्रस्तावना :

२९ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा या घटकराज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या १७ लाखांहून अधिक मतदारांनी मतदान केले. आपल्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा, याविषयीचा कौल त्यांना द्यावयाचा होता. मतदान रीतसर पार पडले, मोजणी झाली, निकालही जाहीर झाला. मात्र पक्षाच्या लेखी त्या दिवशी या मतांचे मूल्य शून्य होते. मतदारांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. राज्याच्या विधिमंडळाने मतदानाची जी तारीख ठरविली, ती पक्षाच्या राष्ट्रीय समितीला मान्य नव्हती, एवढेच त्याचे कारण होते.

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक ही बाहेरून पाहणाऱ्यास एकसंध राष्ट्रीय प्रक्रिया वाटते. उमेदवार निश्चितीचा टप्पा मात्र पन्नास राज्यांच्या पन्नास प्रकारच्या कायद्यांतून, पक्षशाखांच्या नियमांतून आणि स्थानिक सत्तास्पर्धेतून आकार घेतो. राज्यांतर्गत राजकारण हा टप्पा कसा घडविते आणि त्यात सामान्य मतदाराच्या मताचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने २००८ मधील फ्लोरिडा व मिशिगन या राज्यांच्या आधारे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नाही. त्यामुळे पक्षाने उमेदवार कसा निवडावा, याविषयीही घटना मौन बाळगते. ही पोकळी एकीकडे पक्षांच्या नियमांनी, तर दुसरीकडे राज्यांच्या कायद्यांनी भरून काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षश्रेष्ठींच्या बंद खोलीतील निर्णयांविरुद्ध सुधारणावादी चळवळ उभी राहिली. विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी कायदा करून उमेदवारीचा कौल थेट मतदारांकडे सोपविण्यास प्रारंभ केला. हीच ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक होय. तिच्यासोबत ‘कॉकस’ ही पद्धतही चालू राहिली. कॉकस म्हणजे पक्षाने बोलाविलेली स्थानिक सभा. तीत उपस्थित कार्यकर्ते व मतदार आपला पाठिंबा नोंदवितात. साधारणतः प्राथमिक निवडणूक राज्यशासनाची यंत्रणा घेते, तर कॉकसचे आयोजन पक्ष स्वतः करतो.

तथापि १९६८ पर्यंत या पद्धतींचे महत्त्व मर्यादित होते. त्या वर्षी उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी प्राथमिक निवडणुकांत न उतरताच शिकागो येथील अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविली. व्हिएतनाम युद्धाच्या छायेत भरलेल्या त्या अधिवेशनाबाहेर निदर्शक व पोलीस यांच्यात मोठा संघर्ष झाला. त्यातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग अस्तित्वात आला. प्रतिनिधींची निवड खुली, वेळेवर व मतदारांच्या सहभागाने व्हावी, असे नियम आयोगाने घालून दिले. अनेक राज्यांनी ते पाळण्यासाठी प्राथमिक निवडणुकीचे कायदे केले. पुढे रिपब्लिकन पक्षातही हीच पद्धत रूढ झाली. अशा रीतीने पक्षश्रेष्ठींच्या हातून निसटलेली सत्ता मतदारांच्या हाती गेली. परंतु तिचा काही भाग वाटेत राज्यांच्या विधिमंडळांकडे राहिला, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

घटकराज्यांच्या हातातील साधने :

प्राथमिक निवडणुकीत मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करीत असला, तरी प्रत्यक्षात राष्ट्रीय अधिवेशनातील प्रतिनिधींचे वाटप होत असते. या वाटपावर राज्यांचा प्रभाव मुख्यतः तीन मार्गांनी पडतो.

१) तारीख : आरंभीच्या राज्यांतील निकाल पुढील राज्यांतील प्रसिद्धी, निधी आणि उमेदवारांची उमेद ठरवितो. १९७६ मध्ये जिमी कार्टर हे फारसे परिचित नसलेले माजी गव्हर्नर होते. आयोवातील कॉकसमध्ये ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायाला सर्वाधिक पाठिंबा मिळाला. पण उमेदवारांत कार्टर आघाडीवर राहिले आणि त्यांचे नाव देशभर पोहोचले. न्यू हॅम्पशायरने तर आपली प्राथमिक निवडणूक अन्य कोणत्याही राज्याच्या तशा निवडणुकीपूर्वी किमान सात दिवस घेतली जावी, असा कायदाच केला आहे. लहान राज्यास राष्ट्रीय नेत्यांचे लक्ष, पत्रकारांची वर्दळ आणि स्थानिक प्रश्नांवर आश्वासने मिळतात; हा लाभ कोणताही पक्ष सहजासहजी सोडीत नाही.

२) पद्धत : कॉकससाठी ठरलेल्या वेळी उपस्थित राहून बराच काळ द्यावा लागतो. त्यामुळे मतदारसंख्या घटते आणि संघटित व उत्साही समर्थक असलेल्या उमेदवारास लाभ होतो. २००८ मध्ये टेक्सासने एकाच दिवशी प्राथमिक निवडणूक व कॉकस या दोन्ही पद्धती वापरल्या. प्राथमिक निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना अधिक मते मिळाली. परंतु दोन्ही मिळून अधिक प्रतिनिधी बराक ओबामा यांच्या पदरी पडले.

३) मतदार व वाटपाचे नियम : काही राज्यांत मतदाराची नोंदणी पक्षवार होते आणि केवळ त्या पक्षाच्या मतदारांनाच मतदान करता येते, फ्लोरिडा हे त्याचे उदाहरण. साउथ कॅरोलायनात अशी पक्षवार नोंदणीच नाही. प्रतिनिधींच्या वाटपात डेमोक्रॅटिक पक्ष सर्वत्र प्रमाणशीर पद्धत व १५ टक्के मतांची अट लागू करतो. रिपब्लिकन पक्षात मात्र राज्यांना अधिक मोकळीक राहिली आहे.

राज्याचा कायदा व राष्ट्रीय पक्षाचा नियम यांच्यात विरोध आल्यास काय, या प्रश्नावर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनसंबंधीच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. पक्षाचे नियम डावलून निवडलेल्या प्रतिनिधींना अधिवेशनात स्थान देण्याची सक्ती राज्य पक्षावर करू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजेच राज्य निवडणूक घेऊ शकते. तिचा निकाल मान्य करावयाचा की नाही, हे पक्ष ठरवितो. २००८ च्या पेचाचे मूळ नेमके येथे आहे.

फ्लोरिडा व मिशिगन, २००८ :

डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीने २००८ साठी आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा व साउथ कॅरोलायना या चार राज्यांनाच ५ फेब्रुवारीपूर्वी मतदान घेण्याची मुभा दिली होती. फ्लोरिडाच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते. त्याने मतदान २९ जानेवारीस आणणारा कायदा केला आणि रिपब्लिकन गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी मे २००७ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. मतदानाची कागदी नोंद राहावी, ही २००० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर डेमोक्रॅटिक पक्षाने लावून धरलेली मागणी त्याच विधेयकात समाविष्ट होती. परिणामी डेमोक्रॅटिक सदस्यांनीही बहुसंख्येने विधेयकास अनुकूल मत दिले. राष्ट्रीय पक्षाच्या शिस्तीपेक्षा राज्यातील तडजोड येथे प्रभावी ठरली.

मिशिगनचे कारण निराळे होते. तेथील सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी आयोवा व न्यू हॅम्पशायर यांच्या विशेषाधिकारास दीर्घकाळ विरोध केला होता. मोटार उद्योगाच्या या राज्यातील कामगारांचे प्रश्न उमेदवारांच्या कानी आरंभीच पडावेत, अशी भूमिका त्यामागे होती. डेमोक्रॅटिक गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांच्या संमतीने मिशिगनने १५ जानेवारी ही तारीख निश्चित केली.

राष्ट्रीय समितीने दोन्ही राज्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द केले. प्रमुख उमेदवारांनी तेथे प्रचार न करण्याचे मान्य केले. मिशिगनमध्ये ओबामा व जॉन एडवर्ड्स यांनी मतपत्रिकेवरून आपली नावेही काढून घेतली. क्लिंटन यांनी काढली नाही. तेथे क्लिंटन यांना सुमारे ५५ टक्के, तर ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायास सुमारे ४० टक्के मते पडली. फ्लोरिडात क्लिंटन यांनी सुमारे ५० टक्के मते मिळवून ओबामा यांना मागे टाकले.

रिपब्लिकन पक्षाने याच राज्यांचे निम्मेच प्रतिनिधी कमी केले होते. फ्लोरिडात जॉन मॅकेन यांना ३६ टक्के मते मिळाली. परंतु ‘विजेत्यास सर्व’ या नियमामुळे राज्याचे उरलेले सर्व ५७ प्रतिनिधी त्यांच्याकडे गेले. पहिल्या राज्यांकडे दुर्लक्ष करून फ्लोरिडावर भिस्त ठेवणारे रूडी जुलियानी यांनी त्यानंतर माघार घेतली. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, एकाच कायद्याखाली रांगेत उभ्या असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी रिपब्लिकन मतदाराचे मत उमेदवारीस निर्णायक वळण देणारे ठरले, तर डेमोक्रॅटिक मतदाराचे मत त्या दिवसापुरते निरर्थक ठरले.

क्लिंटन व ओबामा यांची चुरस लांबली, तसा हा प्रश्न तीव्र झाला. पुन्हा मतदान घेण्याचे प्रस्ताव मार्च २००८ मध्ये दोन्ही राज्यांत बारगळले. अखेर ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने तडजोड केली. दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी अर्धे मत देण्यात आले. मिशिगनमध्ये क्लिंटन यांना ६९ व ओबामा यांना ५९ प्रतिनिधी दिले गेले. मतपत्रिकेवर नाव नसलेल्या उमेदवारास दिलेले हे प्रतिनिधी म्हणजे मतदारांच्या मनाविषयी समितीने केलेला अंदाज होता, अशी टीका क्लिंटन यांच्या समर्थकांनी केली. ३ जूनला ओबामा यांनी आवश्यक बहुमत गाठले. उमेदवारीचा प्रश्न मिटल्यावर ऑगस्टमधील अधिवेशनात दोन्ही राज्यांना पूर्ण मताधिकार परत मिळाला. त्या वेळी त्याने निकालात फरक पडण्यासारखा नव्हता.

या घटनेतील विपर्यास असा की, दोन्ही राज्यांनी प्रभाव वाढविण्यासाठी तारीख अलीकडे आणली आणि त्यामुळेच प्रभाव गमावला. स्पर्धा जूनपर्यंत चालली. ६ मे रोजी मतदान घेणाऱ्या इंडियाना व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत दोन्ही उमेदवारांनी कसून प्रचार केला. नियोजित वेळेस थांबलेल्या फ्लोरिडा व मिशिगनलाही असेच महत्त्व लाभण्याची शक्यता होती. राज्यांचे असे आडाखे पूर्वीही चुकले होते. १९८८ मध्ये दक्षिणेकडील राज्यांनी मध्यममार्गी उमेदवार पुढे यावा म्हणून ८ मार्च रोजी एकत्रित मतदान घेतले. तेथे अल गोर व जेसी जॅक्सन यांच्यात दक्षिण विभागली गेली, टेक्सास व फ्लोरिडा मायकेल डुकाकिस यांनी जिंकले आणि शेवटी उमेदवारी मॅसॅच्युसेट्सच्या या उदारमतवादी गव्हर्नरांनाच मिळाली.

२०२४ मधील पुनरावृत्ती :

२०२० मध्ये आयोवातील कॉकसचे निकाल तांत्रिक गोंधळामुळे रखडले. त्यानंतर २९ फेब्रुवारीस साउथ कॅरोलायनातील विजयाने जो बायडेन यांची मागे पडलेली मोहीम सावरली. तेथील डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे आणि मतदानापूर्वी खासदार जिम क्लायबर्न यांनी दिलेला पाठिंबा मोलाचा ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय समितीने साउथ कॅरोलायनास पहिले स्थान दिले. न्यू हॅम्पशायरने मात्र आपल्या कायद्यानुसार २३ जानेवारी २०२४ रोजीच मतदान घेतले. राज्याची सत्ता रिपब्लिकन पक्षाकडे असल्याने कायदा बदलण्याची शक्यता नव्हती. स्थानिक डेमोक्रॅटिक नेत्यांचीही तशी इच्छा नव्हती. विद्यमान अध्यक्ष असलेल्या बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना विजयी केले.

नेवाडात याच वर्षी रिपब्लिकन पक्षाची बाजू समोर आली. राज्याने २०२१ च्या कायद्याने प्राथमिक निवडणूक सुरू केली होती. पण राज्य रिपब्लिकन पक्षाने ती न मानता स्वतंत्र कॉकस बोलाविले आणि प्रतिनिधी कॉकसमधूनच दिले. ६ फेब्रुवारीच्या प्राथमिक निवडणुकीत निकी हेली यांना ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायापेक्षा कमी मते मिळाली. दोन दिवसांनी झालेल्या कॉकसमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सर्व प्रतिनिधी जिंकले. राज्याच्या खर्चाने झालेल्या निवडणुकीतून एकही प्रतिनिधी निवडला गेला नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अमेरिकेतील उमेदवारीची स्पर्धा ही केवळ उमेदवारांमधील स्पर्धा नसते. ती राज्याराज्यांतील तसेच राज्य व राष्ट्रीय पक्ष यांच्यातीलही स्पर्धा असते. भारतात मतदानाच्या तारखा निवडणूक आयोग ठरवितो आणि उमेदवारी देणे हा पक्षाचा अंतर्गत विषय असतो. अमेरिकेत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. या रचनेचा गुण असा की, लहान राज्यातील मतदारासही राष्ट्रीय नेत्यास समोरासमोर प्रश्न विचारता येतो आणि साधनांची वानवा असलेल्या उमेदवारास संधी मिळते.

तिचा दोष मात्र गंभीर आहे. राज्य आणि पक्ष या दोघांचेही अधिकार कायद्याने मान्य आहेत. त्यांच्यात वाद झाल्यास शिक्षा त्या दोघांनाही होत नाही, ती मतदारास होते. फ्लोरिडातील मतदाराने तारीख ठरविली नव्हती आणि पक्षाचा नियमही केला नव्हता. मत तेवढे त्याचे होते आणि तेच रद्द झाले. प्राथमिक निवडणुकीचा जन्म मतदारास निर्णयाचा अधिकार देण्यासाठी झाला होता. तो अधिकार वेळापत्रकाच्या वादात गहाण पडू नये, यासाठी नियमभंगाचा दंड मतदारांच्या मतांऐवजी निर्णय घेणाऱ्या नेत्यांवर बसविणारी तरतूद आवश्यक ठरते. अशी तरतूद होईपर्यंत अमेरिकेतील मतदारास मतदान केंद्रावर जाण्यापूर्वी आपले मत मोजले जाईल काय, यासोबतच ते मानले जाईल काय, हाही प्रश्न विचारावा लागेल.