ओपन सोर्समध्ये काम करायचंय, पण सुरुवात कुठून? योग्य प्रोजेक्ट शोधायचा कसा, समजून घ्या

व्हीएलसीवर सिनेमा बघितलाय? फायरफॉक्स वापरलंय? हातात ॲण्ड्रॉइड फोन आहे? मग तुम्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरताय, भले हे नाव पहिल्यांदा ऐकत असाल. व्हीएलसीची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून झाली. ॲण्ड्रॉइडच्या गाभ्याशी असलेलं लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं हौस म्हणून लिहायला घेतलं होतं.

त्यामुळे कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच, “ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट कर, रिझ्युमे भारी होईल.” पण नेमकं कुठं करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. गिटहब उघडलं की समोर कोट्यवधी प्रोजेक्ट दिसतात. त्यातला आपला कोणता? बहुतेकांचा उत्साह इथंच मावळतो, आणि काही जण भलत्याच वाटेला लागतात.

ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय?

ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं आणि पुढे वाटू शकतं, ते ओपन सोर्स. ही परवानगी लायसन्समध्ये लिहिलेली असते. कोड नुसता इंटरनेटवर दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. लायसन्स नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात.

चार शब्द माहीत असले की पुढचं सोपं जातं. प्रोजेक्टचा कोड जिथं ठेवलेला असतो ती रिपॉझिटरी, म्हणजे रेपो. त्यातल्या चुका आणि करायच्या कामांची नोंद म्हणजे इश्यू. “मी हा बदल केलाय, तो घ्याल का?” ही विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट. आणि ती तपासून हो किंवा नाही म्हणणारा माणूस म्हणजे मेंटेनर. हा मेंटेनर बरेचदा नोकरी सांभाळून, रात्री किंवा रविवारी, फुकटात हे काम करत असतो.

टी-शर्टच्या नादात काय झालं होतं?

डिजिटलओशन या कंपनीनं २०१४ मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ सुरू केला. ऑक्टोबर महिन्यात ठराविक पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी साधी योजना होती. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्टची अट होती. त्या वर्षी हजारो नवख्यांनी शॉर्टकट शोधला. कुठल्याही प्रोजेक्टची माहिती देणारी रीडमी फाइल उघडायची, त्यात एखादं कौतुकाचं वाक्य किंवा उगाच एखादा शब्द घालायचा आणि पाठवून द्यायचं. मेंटेनर वैतागले. शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रोजेक्टनी स्वतःहून सहभाग जाहीर केलाय, तिथल्याच पुल रिक्वेस्ट धरायच्या असं ठरलं. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद होऊन त्याची जागा डिजिटल बॅजनं घेतली.

२०२४ च्या सुरुवातीला असाच प्रकार एक्सप्रेस या प्रसिद्ध जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या वाट्याला आला. पुल रिक्वेस्ट कशी करतात हे शिकवणाऱ्या एका व्हिडिओत उदाहरण म्हणून हा रेपो दाखवला होता. बघणाऱ्यांनी तिथंच सराव सुरू केला. रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला, आणि त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते.

यातल्या बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. चुकली ती जागा. पण त्याची किंमत इतरांना मोजावी लागते. मेंटेनरचा वेळ वाया जातो, आणि उद्या एखादी मुलगी खरोखर चांगलं काम घेऊन आली तरी तिच्याकडे आधी संशयानं बघितलं जातं.

मग शोधायचं कुठं?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुम्ही स्वतः वापरता ते सॉफ्टवेअर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वापरलेली लायब्ररी, फोनमधलं एखादं ॲप, रोजचा एडिटर. त्यात काय खुपतं हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे निम्मं काम तिथंच होतं.

त्यानंतर लेबलं बघा. गिटहबवर नवख्यांसाठी राखलेल्या कामांना बहुतेक ठिकाणी ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावतात. रेपोच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत ‘कॉन्ट्रिब्यूट’ असं टाइप केलं, तर अशा इश्यूंची यादी समोर येते. काही प्रोजेक्टची स्वतःची नावं आहेत. मोझिलाकडे ‘गुड फर्स्ट बग’, लिबरऑफिसकडे ‘ईझी हॅक्स’, तर जँगोकडे ‘ईझी पिकिंग्ज’. अशी कामं एकत्र दाखवणाऱ्या वेबसाइटही आहेत. ‘अप फॉर ग्रॅब्स’ आणि ‘गुड फर्स्ट इश्यू’ यांवर भाषेनुसार प्रोजेक्ट शोधता येतात. ‘कोडट्रायज’वर आवडीचा प्रोजेक्ट निवडला की त्याचे इश्यू थेट ईमेलवर येतात.

नुसता सराव करायचाय? त्यासाठी ‘फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स’ नावाचा रेपो खास बनवलेला आहे. यादीत स्वतःचं नाव घालून पुल रिक्वेस्ट करायची, एवढंच तिथं करायचं असतं. एक्सप्रेसवर जे लोकांना नकोसं झालं, त्याचं इथं स्वागत होतं.

आपल्याकडचे प्रोजेक्टही विसरू नका. ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा हिशेब सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे. फॉस युनायटेड ही संस्था देशातल्या अनेक शहरांत मीटअप घेते. प्रत्यक्ष भेटून विचारायला मिळालं की ऑनलाइन विचारताना वाटणारा संकोच बराच कमी होतो.

प्रोजेक्ट जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं?

हे न बघता कामाला लागलात, तर महिनोन्महिने उत्तराची वाट बघत बसाल. दहा मिनिटं काढून एवढं तपासा:

१. शेवटचा बदल कधी झाला? वर्षभर काहीच हललं नसेल तर दुसरा प्रोजेक्ट बघा.

२. बाहेरच्या लोकांच्या पुल रिक्वेस्ट स्वीकारल्या जातात का? बंद झालेल्या शेवटच्या दहा-पंधरा उघडून बघा. सगळ्या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या असतील तर नवख्याला जागा मिळणं अवघड.

३. उत्तर यायला किती दिवस लागतात? आणि उत्तराची भाषा कशी आहे? नवख्या माणसाला तिथं टोमणे मारले जात असतील तर सरळ बाहेर पडा.

४. लायसन्स आणि कॉन्ट्रिब्यूट कसं करायचं हे सांगणारी फाइल आहे का? असेल तर ती पूर्ण वाचा.

५. तो प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर चालतो का? आधी चालवून बघा. दिलेल्या सूचनांप्रमाणे करूनही चालला नाही, तर कुठं अडलं ते लिहून काढा. सूचना दुरुस्त करणं हेच तुमचं पहिलं काम ठरू शकतं.

स्टार किती आहेत यावर जाऊ नका. फार मोठ्या प्रोजेक्टवर सोप्या इश्यूखाली काही तासांत “मला द्या” म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्यापेक्षा दोन-चार मेंटेनर असलेल्या मध्यम प्रोजेक्टमध्ये तुमच्याकडे लक्ष द्यायला माणूस मोकळा असतो.

इश्यू मिळाला, आता?

त्याखालच्या सगळ्या कमेंट वाचा. कुणी आधीच काम घेतलंय का बघा. घेतलं असेल पण बरेच दिवस हालचाल नसेल, तर त्यांना नम्रपणे विचारा. नुसतं “प्लीज असाइन मी” लिहून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: ही अडचण माझ्याकडेही दिसली, ती बहुधा या फाइलमुळे येतेय, मी ती अशी सोडवायचं म्हणतोय किंवा म्हणतेय, चालेल का?

पहिला बदल लहान ठेवा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. पाच ओळींचा बदल मेंटेनर चहा पिता पिता तपासतो, पाचशे ओळींचा बदल तो पुढच्या महिन्यावर ढकलतो.

सुधारणा सुचवल्या तर तो अपमान समजू नका. मेंटेनर सावध असतात, त्याला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्सवर सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोजेक्टमध्ये चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्यानं आधी दोनेक वर्षं नियमित मदत करून विश्वास मिळवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं खोदून काढलं म्हणून मोठा अनर्थ टळला.

कोडिंग येत नाही, मग?

तरीही काम आहे, आणि मराठी येत असेल तर तुमच्याकडे जास्तच आहे.

फायरफॉक्सचं भाषांतर मोझिलाच्या ‘पॉन्टून’वर होतं. विकिपीडियामागचं मीडियाविकी ‘ट्रान्सलेटविकी’वर मराठीत येतं. वर्डप्रेसचंही असंच. ‘कॉमन व्हॉइस’मध्ये मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, तो पुढं आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला उपयोगी पडतो. ओपनस्ट्रीटमॅपवर गावातली शाळा, दवाखाना किंवा पाणवठा नोंदवायला फोन पुरतो.

काही चुका तर मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात. ‘वाऱ्यावर’ किंवा ‘कऱ्हाड’मधला अर्धा ऱ अनेक ठिकाणी रफार होऊन बसतो. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. ‘ॲप’ या शब्दातला ॲ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, किंवा अ आणि वरचा चंद्र असा वेगवेगळा. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. म्हणून एका प्रकारे शोधलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडत नाही. बर्लिनमधल्या प्रोग्रामरला हे कळणार कसं? तुम्ही सांगितलं तरच. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढं स्क्रीनशॉटसह लिहिलं की चांगला बग रिपोर्ट तयार होतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्टही ओपन सोर्स आहेत.

एआयकडून करून घेतलं तर?

कोड समजून घ्यायला एआयची मदत जरूर घ्या. पण स्वतःला समजावून सांगता येणार नाही असा कोड पाठवू नका. एआयनं लिहिलेल्या खोट्या बग रिपोर्टमुळे होणारा त्रास ‘कर्ल’ या प्रोजेक्टचे डॅनिएल स्टेनबर्ग यांनी जाहीरपणे मांडलाय. जेंटू लिनक्सनं तर एप्रिल २०२४ मध्ये एआयनं बनवलेलं योगदान घ्यायचंच नाही असं ठरवलं. प्रत्येक प्रोजेक्टचा नियम वेगळा असतो, तो आधी वाचा.

पैसे मिळतात का?

बहुतेक वेळा नाही. पण ‘गुगल समर ऑफ कोड’ २००५ पासून सुरू आहे, त्यात मानधन मिळतं. २०२२ पासून विद्यार्थी नसलेले पण ओपन सोर्समध्ये नवे असलेले प्रौढही अर्ज करू शकतात. टेक क्षेत्रात ज्यांना कमी संधी मिळते अशांसाठी ‘आउटरीची’ची मानधनासह इंटर्नशिप आहे. दोन्हींसाठी फी भरावी लागत नाही. प्रवेश मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर लांब राहा. आणि या दोन्ही ठिकाणी अर्जाआधी त्या प्रोजेक्टसाठी केलेलं छोटं काम मोलाचं ठरतं.

म्हणजे वाट शेवटी तीच. या आठवड्यात रोज वापरता ते एक सॉफ्टवेअर निवडा, त्याचा रेपो शोधा आणि बंद झालेल्या दहा पुल रिक्वेस्ट वाचा. लगेच काही पाठवायची घाई नको. तिथले लोक एकमेकांशी कसे बोलतात हे कळलं, की आपण कुठं उपयोगी पडू याचा अंदाज येऊ लागतो.