बाहेर पाच अंश, आत साडेसदतीस

हिवाळ्यात थंडीची बातमी आली की तिच्यात निफाडचे नाव हमखास असते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशाच रात्री पडवीत ठेवलेल्या अंडी उबवणी यंत्राला मात्र आत ३७.५ अंश टिकवायचे असतात. कोंबडीचे पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात आणि तेवढे दिवस हीटरला सुट्टी नाही.

साध्या थर्मोस्टॅटचे काम सरळ आहे. तापमान घसरले की हीटर चालू, वर गेले की बंद. पण बंद केल्यावरही कॉइल तापलेलीच असते, ती ऊब सोडत राहते आणि पारा ३८च्या पुढे सरकतो. उतरताना उलटा उशीर होतो, कारण कॉइल तापून ऊब सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. अंडी थोडा वेळ गारवा सोसतात; जास्तीची उष्णता मात्र आतल्या गर्भाच्या जिवावर उठते. म्हणून हा चढउतार कमी करणे फार महत्त्वाचे.

त्यावरचा उपाय जहाजांकडून आला. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ साली सुकाणूच्या स्वयंचलित नियंत्रणाचे गणित मांडले. त्यातूनच आजची ‘पीआयडी’ पद्धत रुळली. ती तीन गोष्टी बघते: आत्ता फरक किती आहे, आधीपासून साचलेला फरक किती, आणि तापमान कोणत्या वेगाने बदलते आहे. त्यामुळे पारा वेगाने चढत असेल, तर ३७.५ गाठण्याआधीच हीटरची ताकद कमी होते. हे सगळे चिपमध्ये बसवलेल्या प्रोग्रामचे, म्हणजे फर्मवेअरचे काम. नवा हीटर लागत नाही, हे या सुधारणेचे मोठेपण.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. समजा, चिप बॅटरीवर चालू आहे आणि हीटर बंद. पेटी गार होत जाते, आणि प्रोग्राम ‘साचलेला फरक’ मोजतच राहतो. वीज येताच तो जुनी उधारी वसूल करायला निघतो. तापमान गाठल्यावरही हीटर ढणाढणा चालतो. चांगल्या फर्मवेअरमध्ये या साठ्याला मर्यादा घातलेली असते, आणि हीटर चालू नसताना मोजणी थांबते.

दुसरी दक्षता सेन्सरची. तो जागेवरून निसटला तर त्याला गार हवाच दिसते आणि हीटर थांबतच नाही. म्हणून पूर्ण ताकद देऊनही काही मिनिटांत तापमान वाढले नाही, तर प्रोग्रामने हीटर तोडून भोंगा वाजवायला हवा. हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटला तर प्रोग्रामही हतबल; त्यासाठी स्वतंत्र थर्मल फ्यूज हवाच.

पीआयडीतल्या तीन गोष्टींना किती वजन द्यायचे, याचे हिवाळ्यात जुळवलेले आकडे उन्हाळ्यात तसेच चालत नाहीत. मे महिन्यातल्या दुपारी खोलीच चाळीशीला टेकली, तर हीटर बंद ठेवूनही पेटी तापते. तेव्हा पंखा, हवेची भोके आणि यंत्र सावलीत हलवणे एवढेच हातात उरते.