दीर्घकालीन वेदना आणि विद्युत-उत्तेजन उपचार

कापसाच्या वेचणीत दिवसभर वाकून राहणारी शेतमजूर महिला असो वा रावेर-यावल भागात केळीचे घड वाहणारा मजूर असो, कंबरदुखी खानदेशातील कष्टकऱ्याच्या पाचवीलाच पुजलेली असते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र ‘दीर्घकालीन वेदना’ म्हणते. तिच्यावरील विद्युत-उत्तेजन उपचारास आपल्याकडे ‘करंटचा शेक’ म्हणतात. वस्तुतः यात शेक नसतो. काम चालते ते मज्जातंतूंवर.

मार लागला की आपण ती जागा नकळत चोळतो व बरे वाटते. यामागील कारण १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी सुचविले. त्यांच्या मते मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते आणि स्पर्शाचे संदेश ते काही अंशी बंद करतात. ‘टेन्स’ हे हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र हेच साधते. त्वचेवरील चिकट पट्ट्यांतून सौम्य प्रवाह जातो व मुंग्या आल्यासारखे वाटते. सेकंदास दोन ते चार अशा मंद स्पंदनांनी शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्येही स्रवतात, असे मानले जाते.

पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र तज्ज्ञांच्या संमतीवाचून वापरू नये. गरोदरपणी पोटावर, गळ्याच्या पुढील भागावर, जखमेवर किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर पट्ट्या लावू नयेत.

दुसरा प्रकार शस्त्रक्रियेचा आहे. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूस उत्तेजन देणारे साधन प्रथम रुग्णाच्या शरीरात बसविले. आज बारीक तारा मणक्याच्या पोकळीत व बॅटरी त्वचेखाली बसवितात. मज्जातंतूंच्या इजेमुळे होणाऱ्या निवडक, असह्य वेदनांसाठीच हा मार्ग आहे. आधी काही दिवस तात्पुरत्या तारांनी चाचणी घेतात. वेदना निम्म्याने तरी कमी झाली, तरच कायमचे साधन बसविण्याचा विचार होतो. खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय जंतुसंसर्ग होणे, तार सरकणे हे धोके राहतातच.

या उपचारांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. टेन्सचा आराम बहुधा यंत्र चालू असेतो व नंतर थोडा वेळ टिकतो. झिजलेला मणका त्याने पूर्ववत होत नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, अशी शिफारस केली. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यातही दीर्घकालीन वेदनेवरील त्याच्या गुणाविषयी ठाम निष्कर्ष निघू शकला नाही. तथापि, काही रुग्णांना आराम वाटतो व योग्य वापरात अपाय क्वचितच होतो. म्हणून व्यायामास जोड एवढेच त्याचे स्थान मानावे.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती, की जाहिरात पाहून कर्ज काढून यंत्र घेऊ नये. आधी फिजिओथेरपी विभागात ते लावून पाहावे आणि आजी पुन्हा विहिरीपर्यंत चालू लागली का, रात्री झोप लागली का, हे पडताळावे. देणगीदारांनीही ध्यानी घ्यावे, की एक यंत्र अनेक रुग्णांच्या कामी येते. परंतु ते कोणास लावावे व कोणास लावू नये, हे जाणणारा प्रशिक्षित तज्ज्ञ नसेल तर ते कपाटातच पडून राहते. दानाचे खरे सार्थक यंत्राइतकेच त्या जाणत्या हातांत आहे.