लीजियांगचे दोन परदेशी रहिवासी

चीनच्या युनान प्रांतातल्या लीजियांगला आज विमानानं, रेल्वेनं पर्यटकांचे लोंढे येतात. १९४०च्या दशकात मात्र समुद्रसपाटीपासून २,४०० मीटर उंचीवरच्या, नाशी लोकांच्या या गावी पोहोचायला खेचरांच्या तांड्यासोबत डोंगर तुडवावे लागत.

ऑस्ट्रियात जन्मलेला अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक १९२२मध्ये इथे आला आणि युलोंग या हिमपर्वताच्या पायथ्याच्या खेड्यात त्यानं मुक्काम मांडला. भटकंतीत घडीचा बाथटब सोबत, स्वयंपाकी ऑस्ट्रियन पदार्थांत तयार केलेला! पण याच रॉकनं नाशी पुरोहितांची चित्रलिपी वर्षानुवर्षं खपून समजून घेतली. १९४४मध्ये त्याची हस्तलिखितं नेणारं जहाज जपान्यांनी अरबी समुद्रात बुडवलं, तरी युद्ध संपल्यावर तो लीजियांगला परतला आणि काम पुन्हा हाती घेतलं.

पीटर गुलार्टची तऱ्हा निराळी. क्रांतीनंतर रशिया सोडून शांघायला आलेल्या या माणसाला चिनी औद्योगिक सहकारी चळवळीनं लीजियांगला धाडलं. भुताटकीचा म्हणून पडून राहिलेला वाडा त्यानं भाड्यानं घेतला. लोकर कातणाऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, त्यांना कर्ज मिळवून दिलं आणि येईल त्याला फुकट औषध दिलं.

गावाचा व्यापार बायकांच्या हाती होता. सौदे त्याच ठरवत, पाठीवरची ओझीही त्याच वाहत. म्हणून संध्याकाळी ली बाईंच्या दारूच्या दुकानात बसलं की बाजारभावापासून सोयरिकीपर्यंत सगळं कानावर येई. गुलार्ट तिथे नेमानं बसे. गावानं त्याला आपलंसं केलं ते या बैठकीमुळे आणि औषधांमुळे, असं त्याचं लिखाण वाचताना पटतं.

या बाजाराचा एक धागा भारतापर्यंत येत होता. १९४२मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर कालिंपाँगहून ल्हासामार्गे माल लीजियांगला येऊ लागला. प्रवास तीनेक महिन्यांचा. गुलार्टच्या अंदाजानं या वाहतुकीत ८,००० खेचरं-घोडी आणि सुमारे २०,००० याक होते.

कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर जुलै १९४९मध्ये दोघं एकाच विमानानं लीजियांग सोडून गेले. रॉक १९६२मध्ये वारला. त्याच्या नाशी कोशाचा पहिला भाग १९६३मध्ये, दुसरा १९७२मध्ये निघाला. गुलार्टचं ‘फरगॉटन किंग्डम’ १९५५मध्ये आलं. त्यात ली बाई, त्यांचं दुकान आणि तिथली गिऱ्हाइकं यांना त्यानं मोठ्या मायेनं जागा दिली आहे.