छातीतील पाणी : रोग नव्हे, रोगाची खूण

‘छातीत पाणी झाले’ हे ऐकताच रुग्णाच्या घरातील माणसे हवालदिल होतात. आणि सुईने पाणी काढले की रोग गेला असे मानून निश्चिंत होतात. वस्तुतः हे पाणी म्हणजे रोग नव्हे. ती दुसऱ्या एखाद्या रोगाची खूण होय.

फुप्फुसाभोवती दोन पदरांचे पातळ आवरण असते. पदरांमधील किंचित द्रवामुळे ते श्वासोच्छ्वासाच्या वेळी एकमेकांवर सहज सरकतात. हा द्रव सतत पाझरतो आणि शोषला जातो. पाझर वाढला अथवा शोषण मंदावले, की पाणी साचून फुप्फुस दबते. धाप, कोरडा खोकला आणि दीर्घ श्वास घेताना एका बाजूस येणारी कळ ही त्याची मुख्य लक्षणे होत.

छातीवर बोटांनी ठोकून परीक्षा करण्याची पद्धत व्हिएन्नाचे डॉ. औएनब्रुगर यांनी 1761 मध्ये प्रसिद्ध केली. पाणी असलेल्या जागी आवाज बद्द येतो. क्ष-किरण चित्रात साधारणतः 200 मिलिलिटर पाणी ओळखू येते. सोनोग्राफीत त्याहूनही कमी दिसते.

कारण शोधण्यासाठी मात्र पाण्याचीच तपासणी करावी लागते. अमेरिकेतील डॉ. रिचर्ड लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये यासाठी कसोट्या दिल्या. त्यांतील एकीनुसार, पाण्यातील प्रथिनांचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या निम्म्याहून अधिक असल्यास क्षय, न्यूमोनिया किंवा कर्करोग यांचा विचार करावा लागतो. कमी असल्यास हृदय, यकृत वा मूत्रपिंडाच्या विकाराचा.

आपल्या देशात क्षयरोग हे याचे एक प्रमुख कारण आहे. अशा रुग्णाच्या थुंकीत जंतू बहुधा सापडत नाहीत. म्हणून थुंकी निर्दोष आली, एवढ्यावर शोध थांबवणे योग्य नव्हे. क्षयाचे पाणी कधीकधी उपचाराविनाही ओसरते. खरा धोका येथेच असतो; कारण अशा अनेकांना पुढील काही वर्षांत फुप्फुसाचा क्षय जडतो.

क्षयाचे निदान झाल्यास सामान्यतः सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण करावा लागतो. शासकीय आरोग्य केंद्रांत तो विनामूल्य मिळतो. निक्षय पोषण योजनेखाली 2018 पासून दरमहा 500 रुपये दिले जात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये झाली.

ताप उतरला, धाप थांबली, की रुग्ण औषध सोडू पाहतो. त्या वेळी त्याला पुन्हा आरोग्य केंद्राच्या वाटेवर आणणे हे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हातचे काम आहे.