वाळू शुष्कक

वाळू शुष्कक हे ओल्या वाळूतील पाणी उष्णतेच्या साहाय्याने काढून टाकणारे औद्योगिक यंत्र आहे. व्यवहारात त्याला सँड ड्रायर असेही म्हणतात. कोळसा, लाकूड, बगॅसचे ठोकळे, भट्टी तेल किंवा वायू भट्टीत जाळून मिळणारे उष्ण वायू वाळूच्या संपर्कात आणले जातात. पाण्याची वाफ त्या वायूंबरोबर धुराड्यातून निघून जाते व कोरडी वाळू दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. यंत्राची रचना साधी असली, तरी त्याला लागणाऱ्या इंधनात मोठी तफावत आढळते. ही तफावत भट्टीच्या आकारापेक्षा वाळू व वायू यांच्या संपर्कावर, वाळूच्या सुरुवातीच्या ओलाव्यावर आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर अधिक अवलंबून असते.

उपयोग

ओतकामात रेझिनने बांधलेले साचे व गाभे तयार करण्यासाठी जवळजवळ पूर्ण कोरडी वाळू लागते. वाळूत पाणी राहिल्यास रेझिन नीट घट्ट होत नाही. तप्त धातू साच्यात ओतल्यावर त्या पाण्याची वाफ होते व ओतिवात वायुछिद्रे पडतात. महाराष्ट्रात कोल्हापूर परिसर ओतशाळांसाठी प्रसिद्ध आहे, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे भागात सिलिका वाळूचे साठे आहेत. कोकणातील पावसाळ्यात उघड्यावर साठवलेली वाळू सतत भिजत राहते. त्यामुळे शुष्ककावरचा भार ऋतूनुसार बदलतो.

रेल्वे इंजिनाची चाके घसरू नयेत म्हणून चाक व रूळ यांच्यामध्ये वाळू सोडली जाते. ही वाळू अरुंद नळीतून वाहत जावी लागते. ओली वाळू नळीत अडकते. भोर व थळ घाटांतील ३७ मध्ये १ या तीव्र चढांवर चाकांची पकड विशेष महत्त्वाची ठरते. याशिवाय गिलाव्याची कोरडी मिश्रणे, टाइल चिकटवण्याचे मसाले आणि डांबरमिश्रण प्रकल्प यांतही शुष्कक वापरतात. डांबरमिश्रणात खडी व वाळू मुद्दाम गरम ठेवायची असते. ओतशाळेत मात्र गरम वाळू अडचणीची ठरते. म्हणून एका कामासाठी उत्तम असलेला आराखडा दुसऱ्या कामासाठी जसाच्या तसा चालत नाही.

शुष्कनामागील तत्त्व

क्वार्ट्झचा कण स्वतः पाणी शोषून घेत नाही. वाळूतील ओलावा कणांच्या पृष्ठभागावर आणि कणांमधील फटींत केशाकर्षणाने धरलेला असतो. त्यामुळे धान्य किंवा लाकडाप्रमाणे आतले पाणी बाहेर झिरपण्याची वाट पाहावी लागत नाही. कणापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचली की पाणी लगेच वाफ होऊन निघते. वाळू वाळण्याचा वेग मुख्यतः उष्णता किती लवकर पोहोचते यावर ठरतो, आणि शुष्ककाच्या बहुतेक सुधारणांचे मूळ या एका गोष्टीत आहे. वाळूत चिकणमाती असल्यास चित्र बदलते. माती पाणी धरून ठेवते व गठ्ठे बनवते. म्हणून वाळू आधी धुऊन माती काढणे फायद्याचे असते.

जोवर कणावर पाणी आहे, तोवर भोवतीचा वायू कितीही उष्ण असला तरी कणाचे तापमान फारसे चढत नाही, कारण येणारी उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. पाणी संपताच तापमान वेगाने वाढू लागते. बाहेर पडणाऱ्या वाळूचे तापमान हे त्यामुळे ती कोरडी झाल्याचे सोयीचे लक्षण मानले जाते.

प्रकार

सर्वांत जुन्या पद्धतीत भट्टीवरील लोखंडी तव्यावर वाळू पसरून ती फावड्याने उलथतात. दुसऱ्या एका जुन्या प्रकारात ओतीव लोखंडाच्या शेगडीभोवती वाळूचा ढीग रचला जातो व तळाशी कोरडी झालेली वाळू भोकांतून खाली गळते. कोरडी वाळू उष्णतेची मंद वाहक असल्याने तव्यालगतचा थर तापतो आणि वरचा ओलाच राहतो. अशा यंत्रांत इंधन जास्त लागते व उत्पादन कमी मिळते. मात्र त्यांत फिरणारे भाग जवळजवळ नसतात.

फिरत्या ड्रमचा शुष्कक आज सर्वाधिक प्रचलित आहे. किंचित उतरता ठेवलेला पोलादी ड्रम रोलरांवर सावकाश फिरतो. आतील बाजूस बसवलेल्या पट्ट्या वाळू वर उचलतात व पडद्यासारखी खाली सोडतात. त्या पडद्यातून उष्ण वायू वाहतो. एकात एक बसवलेल्या दोन किंवा तीन ड्रमांच्या रचनेत वाळू आतून बाहेर फेऱ्या घालते. त्यामुळे यंत्राची लांबी घटते व बाहेरचे कवच तुलनेने थंड राहते.

फ्लुइडाइज्ड बेड शुष्ककात सच्छिद्र तळातून उष्ण वायू वर सोडला जातो आणि वाळूचा थर उकळत्या द्रवासारखा वागू लागतो. सुमारे ०.३ मि.मी. कणांच्या वाळूसाठी सामान्य तापमानाच्या हवेचा दर सेकंदाला ०.१ मीटरपेक्षा कमी वेगही थर सैल करण्यास पुरतो. प्रत्यक्षात वेग याच्या काही पट ठेवतात. येथे संपर्क उत्कृष्ट असतो, परंतु ब्लोअरला वीज जास्त लागते व कणांचा आकार एकसारखा असावा लागतो.

उष्णतेचा हिशोब

सुधारणा कोठे करावी हे ठरवण्यासाठी उष्णतेचा ताळेबंद उपयोगी पडतो. एक टन कोरड्या वाळूसोबत ६० कि.ग्रॅ. पाणी आहे आणि दोन्हींचे तापमान ३०° से. आहे असे धरू. पाणी १००° से. पर्यंत तापवून त्याची वाफ करण्यास दर कि.ग्रॅ.ला सुमारे २.५५ मेगाजूल, म्हणजे एकूण सुमारे १५३ मेगाजूल उष्णता लागते. वाळूची विशिष्ट उष्णता दर कि.ग्रॅ.ला दर अंशास सुमारे ०.८ किलोजूल असल्याने तीच वाळू १००° से. पर्यंत तापवण्यास ५६ मेगाजूल लागतात. एकूण गरज सुमारे २०९ मेगाजूल होते.

भट्टी तेलापासून दर कि.ग्रॅ.ला साधारण ४० मेगाजूल उष्णता मिळते. शुष्ककाची कार्यक्षमता ६० टक्के असल्यास या कामास सुमारे ८.७ कि.ग्रॅ. तेल लागेल, ४० टक्के असल्यास सुमारे १३ कि.ग्रॅ. लागेल.

या हिशोबातून दोन गोष्टी दिसतात. पाणी ६० ऐवजी ४० कि.ग्रॅ. असते, तर एकूण गरज २०९ वरून सुमारे १५८ मेगाजूलपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली असती. उलट वाळू १००° ऐवजी १७०° से. वर बाहेर पडली, तर आणखी ५६ मेगाजूल वाया जातात. एवढ्या उष्णतेत सुमारे २२ कि.ग्रॅ. जादा पाण्याची वाफ झाली असती.

आराखड्यातील सुधारणा

निचरा: गुरुत्वाकर्षणाने जे पाणी फुकट निथळते, ते भट्टीत जाळून काढणे सर्वांत महाग पडते. उतार दिलेला काँक्रीटचा ओटा, तळाशी चर, वर छप्पर आणि वाळूला निथळण्यासाठी एक-दोन दिवसांचा अवधी एवढ्याने ओलावा लक्षणीय घटतो. ढिगाच्या तळाशी केशाकर्षणामुळे ओला थर टिकून राहतो. म्हणून भरणीसाठी वाळू वरच्या भागातून घेतात. पाळीपाळीने वापरायचे दोन ढीग ठेवल्यास एक निथळत असताना दुसरा वापरता येतो.

वायूचे तापमान: भट्टीची ज्योत फार उष्ण असल्याने तिच्यात थंड हवा मिसळून वायूचे तापमान खाली आणले जाते. हवा जितकी अधिक मिसळावी, तितकी अधिक उष्णता धुराड्यातून निघून जाते. बाहेरची हवा २५° से. व धुराड्यातील वायू १२०° से. असताना, वायू ३००° से. वर ड्रममध्ये शिरला तर त्यातील सुमारे ६५ टक्के उष्णता उपयोगी पडते, ६००° से. वर शिरला तर सुमारे ८३ टक्के. म्हणजे कमी पण अधिक उष्ण वायू वापरणे किफायतशीर ठरते. मिसळण्यासाठी ताज्या हवेऐवजी धुराड्यातील वायूचा काही भाग परत फिरवणे हाही एक उपाय आहे.

याला दोन मर्यादा आहेत. पहिली पोलादाच्या ताकदीची. दुसरी क्वार्ट्झची: सुमारे ५७३° से. तापमानाला त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान एकदम वाढते आणि कण तडकून बारीक भुकटी वाढते. ओला कण उष्ण वायूतही सुरक्षित राहतो. कोरडा कण ज्योतीच्या थेट स्पर्शात राहत नाही. म्हणून ज्योत ड्रममध्ये न शिरता अग्निरोधक विटांच्या स्वतंत्र दहनकक्षात पूर्ण जळावी अशी रचना केली जाते. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी वाळूवर बसत नाही, हा तिचा आणखी एक लाभ.

उचलपट्ट्या: पट्ट्या झिजलेल्या किंवा चुकीच्या कोनात असल्यास वाळू ड्रमच्या तळाशी लोळत राहते व वायू वरून मोकळा निघून जातो. धुराड्याचे तापमान जास्त आणि वाळू मात्र ओली, हे या दोषाचे ओळखीचे लक्षण होय. भरणीच्या टोकाशी ओली वाळू चिकटते, म्हणून तेथे वाळू पुढे ढकलणाऱ्या तिरप्या पट्ट्या बसवतात. मधल्या भागात दुमडलेल्या कडांच्या पट्ट्या बसवतात, म्हणजे ड्रमच्या पूर्ण रुंदीवर पडदा पडतो. वाळू ड्रममध्ये राहण्याचा काळ लांबीबरोबर वाढतो आणि उतार, फेऱ्यांचा वेग व व्यास वाढल्यास घटतो. ड्रमच्या आकारमानाच्या साधारण १० ते १५ टक्के वाळू आत असणे योग्य समजले जाते.

प्रवाहाची दिशा: समप्रवाही रचनेत वाळू व वायू एकाच टोकाने शिरतात. सर्वांत उष्ण वायूला सर्वांत ओली वाळू भेटते व बाहेर पडणारी वाळू जास्त तापत नाही. प्रतिप्रवाही रचनेत ते विरुद्ध टोकांनी येतात. वाळू अधिक कोरडी होते, पण अधिक गरम निघते. प्रतिप्रवाही शुष्ककाला म्हणूनच थंडावणीची जोड द्यावी लागते.

गळती व उष्णतारोधन: ड्रममध्ये पंख्याच्या ओढीमुळे बाहेरपेक्षा कमी दाब असतो. फिरता ड्रम व स्थिर आवरण यांमधील सील सैल असल्यास थंड हवा आत खेचली जाते व तिला तापवण्यात इंधन जाते. उघड्या कवचातूनही उष्णता जाते. २५०° से. तापमानाचा पोलादी पृष्ठभाग ३०° से. च्या स्थिर हवेत दर चौरस मीटरला सुमारे ५ किलोवॉट उष्णता गमावतो. म्हणून भट्टीकडील भागावर खनिज लोकरीचे आवरण चढवून वर पत्रा बसवतात.

थंडावणी: रेझिन वाळूसाठी तापमान साधारण ३५° से. पर्यंत असावे लागते, कारण गरम वाळूत रेझिन साचा भरण्यापूर्वीच घट्ट होऊ लागते. एक टन वाळू १००° वरून ४०° से. पर्यंत थंड करताना सुमारे ४८ मेगाजूल उष्णता निघते. थंडावणीतून आलेली गरम हवा भट्टीकडे वळवल्यास त्यातील काही भाग परत मिळतो.

नियंत्रण: वाळूचा ओलावा बदलत असताना आग एकसारखी ठेवली, तर वाळू कधी ओली राहते, कधी फाजील तापते. पट्ट्याच्या वेगाने भरणी एकसारखी ठेवणे आणि थर्मोकपलने वाळूचे व धुराड्याचे तापमान मोजून बर्नर कमीजास्त करणे हा उपाय आहे. भरणी थांबताच बर्नर बंद होण्याची व्यवस्था आवश्यक असते; अन्यथा रिकामा ड्रम तापून वाकतो. तेल किंवा वायूच्या बर्नरमध्ये पेटवण्यापूर्वी पंख्याने भट्टी व ड्रम यांतील साचलेली वाफ बाहेर काढावी लागते, कारण तिचा स्फोट होऊ शकतो.

धूळ आणि आरोग्य

कोरडी होताच वाळूतील बारीक कण उडू लागतात. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खोलवर पोहोचणारे सिलिकाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही व संपर्क थांबल्यानंतरही वाढू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाचा समावेश मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसची नोंद होती.

धुराड्यापूर्वी सायक्लोन बसवल्यास जाड धूळ अडते; परंतु सर्वांत घातक बारीक कण त्यातून निसटतात. त्यांसाठी बॅग फिल्टर किंवा पाण्याचा फवारा लागतो. येथे धुराड्याचे तापमान पुन्हा महत्त्वाचे ठरते. इंधन वाचवण्यासाठी ते फार खाली आणले, तर वाफेचे पाणी होऊन फिल्टरच्या पिशव्यांवर चिखल बसतो. गंधकयुक्त इंधन असल्यास आम्लामुळे पत्रा गंजतो. फार वर ठेवले, तर पिशव्यांचे कापड जळते. शुष्ककाइतकीच धूळ चाळणी, हॉपर व कन्व्हेयरच्या तोंडाशी उडते. ही ठिकाणे झाकून तेथील हवा फिल्टरकडे ओढून घेणे हा आराखड्याचाच भाग मानला जातो. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपासून संरक्षण देत नाही.

सुधारणांचा क्रम

चालू शुष्ककात बदल करण्यापूर्वी काही मोजमापे घेतली जातात: दर टन वाळूस लागणारे इंधन, आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या वाळूचा ओलावा, धुराड्यातील तापमान व प्राणवायूचे प्रमाण. ओलावा मोजण्यास नमुना तोलून, १०५° ते ११०° से. वर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा तोलणे पुरेसे असते. निचरा, सीलची दुरुस्ती व एकसारखी भरणी हे उपाय कमी खर्चाचे असल्याने प्रथम केले जातात. उचलपट्ट्या व उष्णतारोधन त्यानंतर येतात. मोठी भट्टी किंवा बर्नर बसवणे हा शेवटचा पर्याय ठरतो. संपर्क सुधारल्याशिवाय आग वाढवली, तर वाढीव उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून जातो, आणि वायूचा वेग वाढल्याने धूळही अधिक उडते.

हेही पाहा

ओतकाम
शुष्कन
सिलिका
सिलिकोसिस